तुटायचं कुठे, हे ठरवण्याचा इतिहास

टॉप फ्युएल ड्रॅगस्टरचं इंजिन शर्यतीत पूर्ण ताकदीने चालतं ते जेमतेम पावणेचार सेकंद. मिनिटाला ८,००० फेरे धरले, तर एका धावेत त्याचा क्रँकशाफ्ट साधारण ५०० वेळा फिरतो. आपली स्कूटर सिग्नलला नुसती आयडलवर उभी असते, तेव्हा वीसेक सेकंदांत तिचं इंजिन तेवढं फिरलेलं असतं.

एवढं झालं की गाडी ओढत पिटमध्ये आणतात आणि मेकॅनिक तिच्यावर तुटून पडतात. हेड निघतात, पिस्टन आणि रॉड बाहेर येतात, बेअरिंग उजेडात धरून तपासली जातात, क्लचच्या प्लेटा बदलतात, ऑइल फेकून नवं भरतात. तासाभराच्या आसपास सगळं पुन्हा जोडलं जातं आणि गाडी पुढच्या फेरीला उभी राहते.

पहिल्यांदा हे कळलं की मनात येतं, काय हे कच्चं इंजिन! आपल्याकडे गाडी मजबूत म्हणजे लाख किलोमीटर इंजिन न उघडता पळालेली. पण या ‘कच्च्या’ इंजिनातला एकेक भाग जगातल्या उत्तम धातूंमधून, उत्तम कारागिरीने बनवलेला असतो. त्याची ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या पुढे मानली जाते. आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकची असते ऐंशी-नव्वद. मग मजबूत म्हणजे नक्की काय? या प्रश्नाचं उत्तर ड्रॅग रेसिंगने पन्नास-साठ वर्षांत, भाग मोडत आणि माणसं गमावत शोधलं.

भंगारातलं इंजिन

ड्रॅग रेसिंग समजायला सोपं आहे. दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर. जागेवरून सुटायचं आणि पलीकडे आधी पोचायचं. बैलगाडा शर्यतीच्या घाटासारखंच, वळण नाही, जे काय व्हायचं ते काही सेकंदांत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात या खेळाला आकार आला. सैन्यातून परतलेल्या तरुणांकडे यंत्रांची जाण होती आणि जुन्या गाड्या मातीमोल भावाने मिळत होत्या. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळावर ड्रॅग शर्यती नियमित भरू लागल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावरच्या हुल्लडबाजीला नियमांची चौकट मिळाली.

त्याच १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने ‘फायरपॉवर’ नावाचं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. त्याच्या सिलिंडरवरची जागा अर्ध्या गोलासारखी होती, म्हणून त्याच्या वंशाला पुढे ‘हेमी’ हे नाव चिकटलं. या आकारामुळे मोठे व्हॉल्व्ह बसत आणि हवा मोकळेपणाने आत-बाहेर होई. पण शर्यतवाल्यांना आणखी एक गोष्ट आवडली. हे इंजिन होतं श्रीमंतांच्या ऐसपैस गाड्यांसाठी. त्यामुळे बिडाचा ब्लॉक जाडजूड, क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा. ३३१ घनइंचांपासून सुरू झालेलं हे इंजिन १९५७ मध्ये ३९२ घनइंचांवर पोचलं. १९५८ नंतर त्याचं उत्पादन थांबलं, तरी भंगारवाल्यांकडे ते अनेक वर्षं मिळत राहिलं.

थोडक्यात, मजबूत भाग ‘निवडण्याची’ पहिली पद्धत ही अशी होती. कारखान्याने गरजेपेक्षा जास्त जाड काय बनवलंय ते शोधायचं आणि उचलायचं. फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्सने असंच क्रायस्लरचं इंजिन बसवून १९५७ मध्ये ताशी १७६ मैलांचा, म्हणजे २८० किलोमीटरच्या पुढचा वेग गाठला. कॅलिफोर्नियातल्या मंडळींना सुरुवातीला तो आकडा खराच वाटला नाही.

नायट्रो नावाचं संकट

या वेगामागे नायट्रोमिथेन हे इंधन होतं. त्याचं गणित मजेशीर आहे. एक किलो पेट्रोल जाळलं तर सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक किलो नायट्रोमिथेनमधून मिळते फक्त ११ च्या आसपास. मग लोक याच्या मागे का लागले? कारण इंजिनाची खरी अडचण इंधनाची नसते, हवेची असते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका किलोमागे फक्त १.७ किलो हवा पुरते. म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढीच हवा असताना आठपटींहून जास्त इंधन ओतता येतं. हिशेब केला तर त्याच हवेतून पेट्रोलच्या सव्वादोनपट ऊर्जा निघते.

आणि ती सगळी पिस्टनच्या डोक्यावर आदळते. शिवाय इतकं द्रव आत शिरतं की एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही, तर न जळलेलं इंधन तिथे साचतं. पिस्टन वर येतो, पण द्रव दाबलं जात नाही. मग काहीतरी फुटतं. कधी रॉड वाकतो, कधी हेडचे स्टड ताणले जाऊन हेडच उचललं जातं.

१९५७ मध्ये असोसिएशनने आपल्या शर्यतींत नायट्रोवर बंदी घातली. १९६३ मध्ये ती उठली तेव्हा गाड्या दुप्पट जोमाने परतल्या. १ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीमध्ये गार्लिट्सने ताशी २०१.३४ मैलांची, म्हणजे ३२४ किलोमीटरची नोंद केली. इथून पुढे भंगारात मिळणारी ताकद पुरेनाशी झाली. इंजिनाच्या पोटातले भाग मुद्दाम बनवून घ्यायची वेळ आली.

कडक की चिवट?

सुरुवात पिस्टनपासून करू. साध्या गाडीतला पिस्टन बहुतेकदा ओतीव असतो. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं आणि थंड करायचं. स्वस्त, नेमका, दैनंदिन कामाला उत्तम. पण ओतकामात सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात आणि जोराचा फटका बसला की तो बशीसारखा तडकतो. घडीव पिस्टन तापलेल्या धातूवर प्रचंड दाब देऊन बनतो. त्याचा पोत दाट असतो. फटका बसला तर तो आधी चेपतो, वाकतो, लगेच तुकडे होत नाही.

घडीव पिस्टनमध्येही दोन घराणी आहेत. ४०३२ या मिश्रधातूत सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं. तो तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये नेटका बसतो, पण जरा ठिसूळ. २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य. तो जास्त फुगतो, म्हणून थंड असताना बोअरमध्ये सैल ठेवावा लागतो आणि सकाळी इंजिन सुरू केलं की खडखड वाजतो. पण तो चिवट असतो. जबर ताकदीच्या इंजिनात हाच घेतात. वाजला तर वाजू दे, तुटायला नको.

इथे मला मराठीतले दोन शब्द फार उपयोगी वाटतात, कडक आणि चिवट. काच कडक असते, चामडं चिवट असतं. शर्यतीच्या इंजिनाला दोन्ही गुण लागतात, पण फटका खाणाऱ्या भागाला चिवटपणा आधी लागतो.

आता कनेक्टिंग रॉड. बहुतेकांना वाटतं, स्फोटाच्या दाबाने रॉड मोडत असेल. पण रॉडला आणि त्याच्या बोल्टना दाबापेक्षा ताण जास्त घातक ठरतो. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा त्याला मागे खेचायचं काम रॉड करतो. एग्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून विरोध करायला वायूचा दाबही नसतो. शेव्हरोलेच्या प्रसिद्ध ३५० घनइंची व्ही-८ चं उदाहरण घ्या. स्ट्रोक ८८ मिलिमीटर. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर त्याच्या पिस्टनला वरच्या टोकाला गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजारपटींहून जास्त त्वरण सोसावं लागतं. पिस्टन आणि पिन मिळून ६०० ग्रॅम धरले, तर रॉड आणि त्याचे दोन बोल्ट दर फेरीला जवळजवळ दोन टनांचा झटका सोसतात. आणि हा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो. आरपीएम दुप्पट केला की झटका चौपट.

म्हणून जाणकार माणूस रॉडच्या आधी रॉडचे बोल्ट विचारतो. बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणून बसवायचा असतो. तो ताण इंजिनाच्या झटक्यापेक्षा जास्त असेल तर जोड हलत नाही. कमी असेल तर जोड दर फेरीला उघडमीट करतो आणि बोल्ट थकून तुटतो. चांगले गराजवाले नुसत्या टॉर्क पान्यावर विसंबत नाहीत, बोल्ट किती लांबला ते मोजतात.

टॉप फ्युएलमध्ये रॉड पोलादाचे नसतात, घडीव ॲल्युमिनियमचे असतात. हे ऐकून कुणीही चक्रावेल. इंजिनिअरिंगला ‘फटीग’चा आलेख शिकवतात, तो इथे आठवतो. पोलादाचं असं असतं की ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळपास अमर्याद फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ताण कितीही कमी ठेवा, ते कधी ना कधी थकणार. मग तेच का वापरायचं? कारण ते हलकं असतं, त्यामुळे खेचण्याचा झटका कमी होतो. आणि ते किंचित दबतं. नायट्रोचा घणाघात होतो तेव्हा रॉड उशीसारखा थोडा मार स्वतः खातो आणि खालचं बेअरिंग व क्रँकशाफ्ट वाचतात. त्या बदल्यात मोजक्या धावांनंतर ते रॉड काढून टाकायचे. हा भाग टिकण्यासाठी निवडलेलाच नसतो. दुसऱ्याला टिकवण्यासाठी तो आधी थकतो.

क्रँकशाफ्टची गोष्ट निराळी. तो एकदा गेला की सगळंच जातं. साध्या इंजिनात तो बिडाचाही चालतो. ताकद वाढली की घडीव पोलादाचा लागतो. घडवताना धातूचे तंतू शाफ्टच्या वळणांबरोबर वळतात, लाकडाचे तंतू फांदीबरोबर वळावेत तसे. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये ट्रकचे क्रँकशाफ्ट याच तत्त्वावर घडतात. टॉप फ्युएलवाले याहून पुढे जाऊन उत्तम पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून क्रँकशाफ्ट कोरून काढतात. त्यात कोपऱ्यांची गोलाई सर्वांत महत्त्वाची, कारण तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो.

ब्लॉकची पाळी

पिस्टन, रॉड, क्रँकशाफ्ट सुधारले की फटका कुठे जाणार? ब्लॉकवर.

१९६४ ची डेटोना ५०० जिंकायचीच, असं ठरवून क्रायस्लरने ४२६ घनइंचांचं नवं हेमी बनवायला घेतलं. टॉम हूवर या कामातले प्रमुख इंजिनिअर होते. शर्यत फेब्रुवारीत, आणि जानेवारी संपत आला तरी चाचण्यांमध्ये सिलिंडरच्या भिंतींना तडे जात होते. रॉड तिरका असताना पिस्टन भिंतीच्या एका बाजूवर रेलतो, नेमके तिथेच. घाईघाईने जाड भिंतींचे नवे ब्लॉक ओतून घेतले गेले. शर्यतीत पहिले तिन्ही नंबर हेमी बसवलेल्या प्लिमथ गाड्यांना मिळाले. पहिला आला रिचर्ड पेटी. हेच इंजिन पुढे ड्रॅग रेसिंगचा पाया बनलं. आजच्या टॉप फ्युएल इंजिनाची मूळ रचना त्याच ४२६ वरून आलेली आहे.

पण नायट्रोपुढे बीडही हरलं. रॉड मोडून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला की ब्लॉक भंगारात. १९७१ मध्ये एड डोनोव्हन यांनी यावर वेगळं उत्तर काढलं. जुन्या ३९२ वर बेतलेला ४१७ घनइंचांचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक, आत सुटे लाइनर. तो हलका होता, पण खरा फायदा दुसराच. एका सिलिंडरचं नुकसान झालं तर तेवढा लाइनर काढून नवा घालायचा आणि पुढच्या फेरीला उभं राहायचं. फुटणार हे गृहीत धरून, दुरुस्त होईल असा ब्लॉक बनवला गेला. पुढे कीथ ब्लॅक यांनी ४२६ च्या धर्तीवर ॲल्युमिनियमचे ब्लॉक आणले. आज टॉप फ्युएलचा ब्लॉक घडीव ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरतात. त्यात पाण्याच्या वाटाच नसतात. पावणेचार सेकंदांसाठी रेडिएटर कशाला? तेवढा धातू ताकदीला.

साखळीचं पुढचं टोक

आम्ही सॉफ्टवेअरवाले बॉटलनेक म्हणतो, तसाच हा प्रकार. एक अडथळा काढला की काम थांबवणारा दुसरा अडथळा पुढे येतो. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडला तर कुणाचा पाय तुटत नाही.

इंजिनं टिकू लागली तशी सगळी ताकद क्लच आणि गिअरबॉक्सवर जाऊन पडली. त्या काळच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे असायचं, चालक अगदी मागे बसायचा आणि क्लच-गिअरबॉक्स त्याच्या पायांशी असायचे. १९६९ मध्ये इंडियानापोलिसला जॉन मलिगनच्या गाडीचा क्लच फुटला, आग लागली आणि त्या दुखापतींतून तो वाचला नाही. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. उडालेल्या तुकड्यांनी एका प्रेक्षकालाही गंभीर इजा झाली.

इथे गार्लिट्ससमोर दोन रस्ते होते. आणखी मजबूत गिअरबॉक्स बनवायचा, किंवा फुटलाच तर माणूस तिथे नसेल अशी गाडी बनवायची. त्याने दुसरा निवडला. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, चालक पुढे. मागे इंजिन असलेल्या गाड्या आधीही झाल्या होत्या, पण त्या सरळ जात नाहीत असा अनुभव होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्टिअरिंग मुद्दाम मंद केलं आणि गाडी वठणीवर आली. १९७१ च्या सुरुवातीला पोमोना इथली विंटरनॅशनल्स त्याने याच गाडीने जिंकली. काही वर्षांत पुढे इंजिन असलेले टॉप फ्युएल ड्रॅगस्टर जवळपास नाहीसे झाले. १९७५ मध्ये गार्लिट्स ताशी २५० मैलांपुढे गेला. १९९२ मध्ये केनी बर्नस्टाइनने ३०० मैलांची, म्हणजे ताशी ४८० किलोमीटरची वेस ओलांडली.

या खेळाच्या इतिहासातलं मला सर्वांत मोठं वाटणारं पाऊल हेच. मजबुती वाढवण्यासोबत तुटण्याची जागा ठरवणं. आजच्या नियमांत ते जागोजागी दिसतं. सुपरचार्जरखालच्या मॅनिफोल्डमध्ये एक बर्स्ट पॅनल असतं, आतला दाब हाताबाहेर गेला तर ते आधी फुटावं म्हणून मुद्दाम कमजोर ठेवलेलं. सुपरचार्जर चिलखती कापडाच्या पट्ट्यांनी आवळलेला असतो. क्लचभोवती टायटॅनियमचं कवच असतं. मोडू नये अशी खटपट आहेच, पण मोडलं तर काय, याचंही उत्तर तयार असतं.

हौशी माणूस आपल्या गराजमध्ये इंजिन बांधतो तेव्हा त्यालाही हेच प्रश्न पडायला हवेत. ताकद किती हवी? कोणत्या आरपीएमला? किती वेळा इंजिन उघडायची तयारी आहे? महागडे रॉड आणि मूळचे बोल्ट ही जोडी व्यर्थ. घडीव पिस्टन घातले, पण रिंगांच्या टोकांमधली फट नेहमीचीच ठेवली, तर जास्तीच्या उष्णतेने रिंग फुगून टोकं एकमेकांना भिडतात आणि उत्तम पिस्टनचा काठ उखडतो. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीत ॲल्युमिनियमचे रॉड म्हणजे आपणच लावलेला घड्याळी बाँब. सर्वांत महाग भाग हा सर्वांत योग्य भाग असतोच असं नाही.

जे बदलता आलं नाही

२१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउनला पात्रता फेरीत स्कॉट कॅलिटाच्या फनी कारच्या इंजिनाचा अंतिम रेषेजवळ स्फोट झाला. तो दोन वेळचा टॉप फ्युएल विजेता होता. गाडीला वेग कमी करता आला नाही, ती धावपट्टीच्या शेवटापलीकडे गेली आणि त्याचा मृत्यू झाला.

इंजिनांची ताकद साठ वर्षांत कितीतरी पटींनी वाढली होती. पण अनेक ठिकाणी धावपट्टीनंतर थांबायला मिळणारी जागा जुन्या वेगांच्या हिशेबाचीच होती. इथे ना घडीव पोलाद कामाचं होतं, ना टायटॅनियम. जुलै २००८ पासून असोसिएशनने टॉप फ्युएल आणि फनी कारचं अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर, म्हणजे ४०२ वरून ३०५ मीटरवर आणलं. पाव मैल हा या खेळाचा आत्मा समजला जायचा. पुष्कळ चाहत्यांना ते रुचलं नाही, आजही काहींना रुचत नाही. पण ते अंतर तसंच राहिलं.

मधल्या वर्षांत गाड्या पुन्हा वेगवान झाल्या. आता त्या ३०५ मीटरमध्येच ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातात. धाव संपली की बेअरिंगवर, पिस्टनच्या माथ्यावर उमटलेल्या खुणा मेकॅनिक वाचतात आणि कुठला भाग किती दमलाय ते ठरवतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गाडी फुटल्यावर जे कळायचं, ते आता बहुतेक वेळा फुटण्याआधी कळतं. ११,००० हॉर्सपॉवरचा आकडा सगळे सांगतात. मला या खेळाची खरी कमाई ही वाटते.